ब्रेझोवाची पुढची दारं

ब्रेझोवा हे शहर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नुसतं बघून ते कुणाच्या लक्षात येत नाही. एक मोठा रस्ता, त्याला काटकोनात पाच लहान, धान्याचं उंच कोठार, सेंट व्हेन्सेस्लॉसचं चर्च आणि चहूबाजूंनी आत डोकावणारा मका. पण अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सरकारदरबारी एकदा नोंद झाली की डोकी कितीही असोत, ते शहरच. त्यामुळे ब्रेझोवाला महापौर आहे, पाच जणांची नगरसभा आहे आणि एक कारकून आहे. महापौर बदलत राहतात. कारकून मात्र बत्तीस वर्षं एकच, अल्विना कुबिचेक.

मंगळवार-गुरुवार सकाळी अल्विना जुन्या बँकेच्या खोलीत बसते. पाण्याचे मीटर, कुत्र्यांचे परवाने, सभेचं इतिवृत्त ही तिची कामं. इतिवृत्तात ती महापौरांचं व्याकरण दुरुस्त करते, आणि महापौरांना वाटतं की आपण तसंच बोललो होतो. पण तिचं खरं नाव आहे ते माणसं मोजण्यात. दर दहा वर्षांनी देशाची जनगणना येते आणि १९७० पासून चार वेळा ब्रेझोवा मोजलं ते अल्विनानं.

पहिल्या वेळी ती बावीस वर्षांची होती, लग्नाला आठ महिने झालेले. हात वर करून शपथ घेतली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि घरोघर फिरली. प्रत्येक घरात कॉफी. चौथ्या दिवशी तिचा हात इतका थरथरायला लागला की त्या दिवशीचे फॉर्म एखाद्या म्हाताऱ्यानं भरल्यासारखे दिसतात. आकडा आला ४१२. ऐंशी साली ३६६, त्यात तिच्या स्वतःच्या दोन मुली. नव्वद साली ३०१. मधल्या काळात शेतीची वाताहत झाली होती, आणि तीन घरांत तिला ताटाळ्यात धुतलेली ताटं दिसली पण माणसं नव्हती. तेव्हा ती कुणाकडे कॉफी प्यायली नाही. दोन हजार साली २४७. त्या वर्षी तिच्या दोन्ही मुली दुसऱ्याच शहरांच्या खात्यावर गेल्या होत्या. सगळं शहर चार दिवसांत मोजणाऱ्या अल्विनाला स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर 'एकूण व्यक्ती : दोन' एवढं लिहायला चांगली पाच मिनिटं लागली.

सरकारी फॉर्म सरकारकडे जातात. पण अल्विनाची स्वतःची एक निळी वही होती, घरागणिक एक ओळ. जन्म झाला की भर, मयत झालं की रेघ. ब्रेझोवाचा आजचा आकडा काय, हे वॉशिंग्टनला दहा वर्षांतून एकदा कळतं. अल्विनाला रोज सकाळी कळत असे.

आकड्यांच्या बाबतीत या शहराचा पूर्वेतिहास तसा धुतल्या तांदळासारखा नाही. १८८७ साली बोहेमियातून आलेल्या मंडळींना इथं शहर नोंदवायचं होतं. दीडशे डोकी हवी होती, भरली एकशे एकतीस. पूर्वजांनी रेल्वेचे रूळ टाकायला आलेली सतरा माणसांची टोळी धरली, तरी दोन कमी पडली. तेव्हा स्टेशनाजवळच्या खेचरांच्या जोडीला योसेफ आणि मारी अशी नावं देऊन त्यांना नवरा-बायको म्हणून यादीत घातलं. जिल्ह्याच्या कचेरीत ती यादी अजून आहे. योसेफचा व्यवसाय 'वाहतूक' असा लिहिला आहे. यात खोटं म्हणावं असं काही नाही.

१९२० साली शहर ६८४ वर पोचलं आणि तिथून उतरणीला लागलं. १९३१ च्या जुलैत कोठाराला आग लागली. बावीस मैलांवरच्या मार्लोहून बंब येईपर्यंत मोठ्या रस्त्याची दक्षिणेकडची सगळी बाजू जळून गेली होती. बंबवाल्यांनी राखेवर पाणी मारलं आणि ते परत गेले. तेव्हापासून ब्रेझोवाचा स्वतःचा बंब आहे आणि स्वयंसेवकांचं अग्निशमन दल आहे. या दलाचा प्रमुख म्हणजे अल्विनाचा नवरा लॅडिस्लाव. सगळे त्याला लॅडी म्हणतात. कोठारावरून निवृत्त झाल्यापासून लॅडी दर शनिवारी बंब धुतो. बुधवारीही धुतो. इतर दिवशी जाऊन तो मळला नाही ना, ते बघून येतो.

२०१० च्या हिवाळ्यात जिल्हा मंडळानं ठराव केला की नव्या जनगणनेत ज्या शहरात दोनशेपेक्षा कमी माणसं निघतील तिथला बंब मार्लोला हलवायचा. बातमी ऐकून लॅडीनं जेवण अर्धं टाकलं, आणि असं गेल्या चाळीस वर्षांत झालं नव्हतं. अल्विनापुढे दोन चित्रं उभी राहिली. एक, कोठार पेटलंय आणि मार्लोचा बंब वाटेत आहे. दुसरं, लॅडी दिवसभर घरात आहे. यातलं जास्त भयंकर कुठलं, हे तिला ठरवता येईना.

पण वहीत २११ चा आकडा होता. भिण्याचं कारण नव्हतं.

एकच अडचण झाली. मार्चमध्ये अल्विनाचा गुडघा बदलला आणि ती सहा आठवडे खुर्चीला खिळली. पाचव्या जनगणनेला शहर मोजायला दुसरंच कुणी येणार होतं. तिच्या मनाला ते लागलं, पण ती बोलली नाही. फक्त त्या सहा आठवड्यांत लॅडीनं केलेल्या कॉफीला तिनं नऊ निरनिराळी नावं ठेवली.

जुलैतल्या एका मंगळवारी जुन्या बँकेत एक तरुण घामाघूम होऊन आला. नाव डेसमंड प्रुइट, गळ्यात जनगणनेचं ओळखपत्र. राहणारा मार्लोचा, तिथल्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेला. त्याला स्वच्छतागृह हवं होतं. अल्विनानं ते दाखवलं, बाहेर आल्यावर पाणी दिलं आणि त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, सुनेच्या बोटात आपली अंगठी बघावी तसं बघितलं.

मुलगा सज्जन होता. घरांची नावं सांगायची नाहीत हा नियम, म्हणून त्यानं एकही नाव घेतलं नाही. पण जाता जाता दारात थांबला.

"मॅडम, एक विचारू? इथल्या रिकाम्या घरांचं गवत कोण कापतं? नगरपालिका?"

"कुठली रिकामी घरं?"

"म्हणजे... बरीच आहेत. निम्म्याहून जास्त. वाईट वाटतं हो बघून. आणि सगळ्यांचं गवत कापलेलं, कुंड्यांना पाणी घातलेलं. एका घराच्या मागून तर पोल्काचं नाचगाणं ऐकू येत होतं."

अल्विनानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मार्चअखेर प्रत्येक घराला फॉर्मची पिशवी अडकवली होती, डेसमंड सांगू लागला. परत आल्या त्या थोड्याच. मग तो प्रत्येक घरी तीन-तीन वेळा गेला. ठोठावलं, वाट पाहिली. नियमाप्रमाणे शेजाऱ्याला विचारायला गेला, तर शेजारीही दार उघडेना. शेवटी अठ्ठावन्न घरांवर 'रिकामं' असा शेरा मारला. शुक्रवारी यादी बंद.

"बाळा," अल्विना म्हणाली, "तू ठोठावलंस कुठलं दार?"

डेसमंड गोंधळला. "दार म्हणजे दारच. पुढचं."

अल्विनानं डोळे मिटून घेतले.

ब्रेझोवात पुढच्या दारानं कुणी येत नाही. शेजारी, पाहुणा, पोस्टमन, महापौर, सगळे बाजूनं वळसा घालून परसदारी येतात, जाळीच्या दरवाजातून हाक मारतात आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात शिरतात. पुढचं दार उघडतं ते नवी नवरी आत येताना आणि शवपेटी बाहेर जाताना. एरवी तिथं ठोठावतो तो विक्रेता, नाहीतर धर्म पटवून द्यायला आलेला माणूस, आणि दोघांनाही दार न उघडणं हीच इथली सभ्यता. चार वेळच्या जनगणनेत अल्विना स्वतः परसदारानंच फिरली होती. दुसरंही दार असतं, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं डेसमंडला सांगितलं, मागच्या दारानं जा, दुपारपर्यंत काम होईल. त्यानं मान हलवली. कुणाच्याही परसात पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. शेजारच्या जिल्ह्यात एका बाईला कुत्रं चावलं होतं, तेव्हापासून तर फारच कडक. पोस्टानं फॉर्म पाठवायची मुदतही संपली होती. पुढच्या दारात कुणी उभं राहिलं तर तो मोजेल. गुरुवारी येईन म्हणाला, आणि गेला.

अल्विना काठी टेकत घरी आली ती थेट स्वतःच्या घराच्या पुढच्या बाजूला गेली. वाढलेल्या लायलॅकच्या झुडपामागे, दाराच्या मुठीला सरकारी पिशवी लटकत होती. आत एका चिमुकल्या पक्ष्यानं घरटं केलं होतं आणि त्यात चार पिल्लं होती. 'आपलं उत्तर महत्त्वाचं आहे' या अक्षरांवर पिल्लांनी आपलं उत्तर देऊन ठेवलं होतं.

तिनं लॅडीला बोलावलं. तो म्हणाला, हो, पिशवी एप्रिलपासून आहे, गवत कापताना रोज दिसायची. मला वाटलं कसलीतरी जाहिरात.

"अठ्ठावन्न घरांत आपणही आहोत, लॅडी. सरकारच्या लेखी इथं कुणी राहत नाही."

लॅडीनं जरा विचार केला. "मग एवढं गवत मी कुणासाठी कापलं?"

बुधवारी ब्रेझोवाची पुढची दारं उघडायला घेतली, आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. काही लाकडं फुगली होती. काहींवर आतून-बाहेरून रंगाचे इतके थर चढले होते की दार आणि भिंत यांत फरक उरला नव्हता. कुणाच्या दारामागे पियानो, कुणाच्या दारामागे शिवणयंत्र. कुबिचेकांच्या दारामागे डीप फ्रीज होता आणि त्यात अर्धं डुक्कर. लॅडीनं तो तिथं १९९४ साली तात्पुरता ठेवला होता. शेवटी अग्निशमन दलच पहारी आणि कुऱ्हाडी घेऊन घरोघर फिरलं. आग नसताना लोकांची दारं फोडायला मिळतात म्हणून दलातले बाप्ये पोरांसारखे खूश होते.

अडलं ते एकाच ठिकाणी. बोझेना झ्रुस्तेक, वय त्र्याण्णव, साऱ्या शहराची तेता, म्हणजे मावशी. तिनं दलाला अंगणातूनच परत पाठवलं. या दारातून माझी सासू गेली, दोन दीर गेले, नवरा गेला, असं तिनं बोटांवर मोजून दाखवलं.

"आता हे दार उघडायचं तर माझीच पाळी. माझी अजून भोपळ्याची वेल फुलायची आहे. चला, निघा."

अल्विना जाऊन बसली, तिची कॉफी प्यायली आणि तोडगा काढून आली. तेता दार उघडणार नाही, पण पुढची खिडकी उघडेल. खिडकीबद्दल सरकारचा काही नियम असल्याचं निदान डेसमंड बोलला नव्हता.

संध्याकाळी बंबाच्या शेडमध्ये सगळे जमले. महापौर ड्वेन सोबोलिक बिअरच्या खोक्यावर उभा राहिला. दारं उघडली, आता आकडा नीट बसवू, असं त्याचं म्हणणं. एम्स शहरात कॉलेजला असलेली मुलं घाला, दर शनिवारी धुणं घेऊन घरीच तर येतात. फौजेतला हावलिक घाला. मार्लोच्या वृद्धाश्रमात गेलेली मंडळी घाला, त्यांच्या खुर्च्या अजून इथं आहेत. लोकांनी माना डोलावल्या.

अल्विना उभी राहिली. एक एप्रिलला जो जिथं राहत होता, झोपत होता, तो तिथला, असं तिनं सांगितलं. कॉलेजातला कॉलेजात, वृद्धाश्रमातला वृद्धाश्रमात. चार वेळा हात वर करून शपथ घेतली होती, पाचव्या वेळी घेतली नाही म्हणून ती उतरत नाही. मग तिनं निळी वही उघडली. वहीतही ही मंडळी होतीच. पोरं परत येतील, म्हातारी परत येतील, म्हणून तिचा हात रेघ मारायला धजावला नव्हता. आता सगळ्यांसमोर तिनं एकेक नाव वाचून वजा केलं. चौदा. उरले एकशे सत्त्याण्णव.

सगळे वळून बंबाकडे बघायला लागले. बंब मागे चकाकत होता.

"पूर्वजांनी खेचरं घातली होती, अल्विना," लॅडी हळूच म्हणाला. "आपण तर माणसं घालतोय. तीनच हवीत."

"खेचरांनी निदान दारात उभं राहून खोटं सांगितलं नव्हतं."

लॅडी तिच्याशी बोलेनासा झाला. चार दिवसांनी लग्नाचा वाढदिवस होता, आणि घरात मीठसुद्धा न मागता घेतलं जाऊ लागलं.

गुरुवारी ब्रेझोवानं जे रूप दाखवलं ते बघायला पूर्वज हवे होते. दोन्ही बाजूंच्या घरांची पुढची दारं सताड उघडी. प्रत्येक पडवीत खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, न्हाऊन-धुऊन, भांग पाडून, मोजून घ्यायला तयार. समोरासमोरचे शेजारी एकमेकांच्या पुढच्या बाजू पहिल्यांदाच इतक्या निवांत बघत होते आणि कुणाचं रंगकाम निघालंय यावर शेरे मारत होते. डेसमंड आला आणि रस्त्याच्या टोकाला थिजून उभाच राहिला. पहिल्या घरी त्याला आलुबुखाराची कोलाची, म्हणजे बोहेमियाकडचा गोड पाव, मिळाली, दुसऱ्या घरी जर्दाळूची, तिसऱ्या घरी खसखशीची. दहाव्या घराशी तो, नको, नियम आहे, असं म्हणायला लागला. पण तोंडात कोलाची असताना नियम सांगता येत नाही. तेता बोझेनानं खिडकीतून उत्तरं दिली आणि वय सांगताना पाच वर्षं कमी केली. अल्विनानं रस्त्यावरून ओरडून ते दुरुस्त केलं.

दोन दिवस हे चाललं. शुक्रवारी उन्हं कलताना डेसमंड शेवटच्या घरी, कुबिचेकांच्या पडवीत टेकला. अल्विना कॉफी आणायला आत गेली, ती फ्रीजला वळसा घालून येईपर्यंत लॅडीनं फॉर्म उरकला होता आणि तो बंब धुवायला चालता झाला होता.

डेसमंडनं कागद गोळा केले. शीण होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मी हे गाव फार वेगळं समजलो होतो, तो म्हणाला. पहिल्या आठवड्यात सबंध ब्रेझोवात पहिल्या थापेला उघडणारं दार एकच होतं. कॉन्व्हेंटचं.

"कॉन्व्हेंट?" अल्विना म्हणाली.

"हो, ते बेटावरचे लोक. मला दारात उभंच राहू देईनात. आत नेऊन नारळाचा भात आणि मासे वाढले. किती जण आहेत ते विचारू नका, सांगता येत नाही."

तो गेल्यावर अल्विनानं वही उघडली. कॉन्व्हेंटची ओळ तिच्याच अक्षरात होती. १९८६ साली चर्चची शाळा बंद झाली, तिथं शिकवणाऱ्या आणि कॉन्व्हेंटात राहणाऱ्या नन गेल्या, तेव्हा तिनं लिहिलं होतं, 'रिकामं'. त्यानंतर पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरून काही मंडळी अंड्यांच्या कारखान्यात कामाला आली, चर्चनं त्यांना कॉन्व्हेंट भाड्यानं दिलं, हे तिला ठाऊक होतं. दुकानात ती दिसत. हसत. पण कामापुरते आलेत, थंडी पडली की जातील, असं सगळे म्हणत, तीही म्हणे. म्हणता म्हणता तीन हिवाळे गेले होते. अठ्ठावन्न घरांवर 'रिकामं' लिहिणाऱ्या पोराला तिनं मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते तिला एकेक करून आठवलं.

शनिवारी सकाळी ती डझनभर कोलाची घेऊन कॉन्व्हेंटला गेली. सवयीनं मागे वळली, तर मागचं दार नन मंडळींनी केव्हाच विटा लावून बुजवलेलं. काठी टेकत पुन्हा पुढे आली. ओकच्या जाड दाराबाहेर चपलांची रांग होती. मोठ्या, लहान, त्याहून लहान. हातात काही काम नसलं की माणसाचा धंदा जागा होतो. अल्विनानं चपला मोजल्या, दोननं भागलं, आणि मग ठोठावलं.

दार लगेच उघडलं. उंचपुरी बाई, चाळिशीची, कडेवर मूल, अंगावर मोठ्या फुलांचा झगा. नाव हर्टिना.

"मोजायला आलात का? मोजून झालंय आमचं," ती हसत म्हणाली.

"मोजायला नाही आले," अल्विना म्हणाली. मग खरं बोलायची खोड आडवी आली. "म्हणजे, चपला मोजल्या. सोळा जण आहात?"

"सोळा. पण दोन चपला कुत्र्यानं नेल्यात आणि दोन जादा आहेत, माझ्या भावाच्या. म्हणजे तुमचा आकडा नशिबानं बरोबर आला."

आत गेल्यावर कॉफी झाली. कोलाची मुलांनी बघता बघता संपवल्या. अल्विनानं सांगितलं की तीन वर्षं झाली, तुम्हाला भेटायला यायला हवं होतं, चुकलंच आमचं. हर्टिनानं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आम्ही आलो होतो," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. आमच्याकडे नव्या जागी गेलं की शेजाऱ्यांना खाऊ द्यायची रीत आहे. नारळाचे लाडू केले, मुलांना चांगले कपडे घातले, नऊ घरी गेलो. ठोठावलं. आतून बोलणं ऐकू यायचं, हसणं ऐकू यायचं, पण दार कुणी उघडेना. मग मी मुलांना म्हटलं, चला, यांना आपण नको आहोत. घरी येऊन आम्हीच खाल्ले लाडू."

"पुढच्या दारांवर ठोठावलंत," अल्विना म्हणाली.

"मग कुठं ठोठावणार?"

अल्विनाला सांगायला बराच वेळ लागला, कारण मध्येच तिला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. नवरी, शवपेटी, विक्रेता, डीप फ्रीज, घरट्यातली पिल्लं, सगळं तिनं सांगितलं. ऐकता ऐकता हर्टिनाला इतकं हसू लोटलं की तिनं मूल अल्विनाच्या मांडीवर दिलं आणि आतल्या माणसांना हाका मारल्या. मग तीच गोष्ट मार्शल बेटांच्या भाषेत पुन्हा झाली आणि कॉन्व्हेंट हसायला लागलं.

जाताना अल्विनानं वही काढली. 'रिकामं' खोडलं आणि सोळा नावं एकेक विचारून, अक्षर दुरुस्त करून घेत लिहिली. एका ओळीत मावली नाहीत म्हणून नवं पान घेतलं. एकशे सत्त्याण्णव अधिक सोळा, दोनशे तेरा. घरी येऊन तिनं ती बेरीज न बोलता लॅडीच्या ताटाशेजारी ठेवली. लॅडीनं ती तीनदा केली. मग म्हणाला, "मीठ दे."

हर्टिनाचा भाऊ रूबेन त्या महिन्यात अग्निशमन दलात आला. होड्यांवर वाढलेला माणूस. पंपानं पाणी कसं ओढायचं ते लॅडीनं त्याला शिकवायला घेतलं, आणि पंधरवड्यात कोण कुणाला शिकवतंय ते कळेनासं झालं. शहरातली पुढची दारं थंडी सुरू होताच परत बंद झाली, कारण वारा येतो. पण कॉन्व्हेंटची मंडळी आता परसदारानं यायला शिकली होती आणि हाक न मारताच आत शिरत होती, म्हणजे पक्की ब्रेझोवाची झाली होती.

फेब्रुवारीत आकडे जाहीर झाले. ड्वेननं जुन्या बँकेत धावत येऊन कागद दिला. ब्रेझोवा, लोकसंख्या २१२. बंब राहिला. त्या दुपारी तो उगाचच भोंगा वाजवत शहरातून दोन फेऱ्या मारून आला, आणि तेता बोझेनानं खिडकी उघडून, आग कुठं लागली, अशी चौकशी केली.

सगळे आनंदात असताना अल्विना एकटी भुवया आकसून बसली होती. दोनशे बारा. एक कुठं गेला? एप्रिलनंतर आलेलं-गेलेलं तिनं तपासलं. सोबोलिकांकडे पाच, बरोबर. तेता एक, बरोबर. कॉन्व्हेंट सोळा, हर्टिनानं शपथेवर सांगितलं. तीन दिवस ती फोन करत होती. चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिनं चमचा खाली ठेवला.

"लॅडी. त्या मुलानं तुला काय विचारलं होतं? पडवीत?"

"नेहमीचंच. इथं किती जण राहतात."

"मग तू काय सांगितलंस?"

लॅडीनं बटाट्याचे फार बारीक तुकडे करायला घेतले.

"मी रागात होतो, अल्विना. म्हटलं, इथं ही एकटी राहते, मी राहतो बंबाच्या शेडमध्ये. चेष्टेत म्हटलं."

"तो मुलगा सगळं जसंच्या तसं लिहून घेतो."

"ते मला काय माहीत?"

"शेड हे घर नाही. शेडमध्ये त्यानं तुला कशाला मोजलं असेल?" अल्विनानं खुर्ची मागे सरकवली. "ज्या माणसानं तीन डोक्यांसाठी माझ्याशी अबोला धरला, तो स्वतःच यादीत नाही."

लॅडीनं बटाटा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि आपण सापडलो आहोत हे पूर्णपणे मान्य केलेल्या माणसासारखा म्हणाला, "आता काही करता येईल?"

"दहा वर्षांनी," अल्विना म्हणाली, आणि पुढची दहा वर्षं तो विषय तिनं एकही दिवस सोडला नाही.